उंचीचा आकडा कुठून आला ते दाखवा

मागे एका पुराच्या नकाशाच्या मीटिंगला गेले होते. भिंतीवर मोठा नकाशा लावलेला, निळा रंग जिथपर्यंत तिथपर्यंत पाणी येणार आणि उरलेलं कोरडं, असं साहेब समजावून सांगत होते. तेवढ्यात मागनं एक आजोबा उठले, नकाशापाशी आले, एका जागेवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "साहेब, इथनं पाणी येतं. दोनदा आलेलं मी डोळ्यांनी बघितलंय. तुमच्या नकाशात ते इथं अडतंय, पण इथं बांध कधी नव्हताच." साहेब म्हणाले, "आजोबा, सॅटेलाइटवरून काढलंय, सॉफ्टवेअरनं काढलंय." आजोबा परत जाऊन खाली बसले. त्याच्यापुढं बोलायला काही उरतच नाही ना.

घरी येऊन मी त्याच जागेचा साधा सॅटेलाइट फोटो उघडून बघितला. बांध नव्हताच, झाडांची दाट रांग होती. म्हणजे काय झालं असणार ते सरळ दिसत होतं: उंचीचं मॉडेल, म्हणजे प्रत्येक जागेच्या उंचीचा आकडा असलेली जाळी, बनवताना झाडांच्या शेंड्यांची उंची जमिनीची उंची म्हणून धरली गेली, मॉडेलमध्ये चार-पाच मीटरची भिंत उभी राहिली, आणि कॉम्प्युटरमधलं पाणी त्या भिंतीला जाऊन थांबलं. खरं पाणी झाडांच्या रांगेला थांबत नाही, बुंध्यांमधनं सरळ निघून जातं. आम्ही काही जणांनी लेखी विचारलं की हे मॉडेल कुठल्या सॉफ्टवेअरमध्ये बनवलं, कुठल्या फोटोंवरून, झाडं काढायला काय केलं. उत्तर आलं की प्रक्रिया काम करणाऱ्या कंपनीच्या मालकीची आहे, सांगता येणार नाही.

हे उत्तर मला अजून पचलेलं नाही, आणि त्यावरच लिहायचंय. माझं म्हणणं एवढंच की लोकांच्या पैशातून जे उंचीचं मॉडेल बनतं, ज्याच्यावरून कुणाचं घर पूररेषेत येणार आणि कुणाचं नाही हे ठरतं, ते ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्येच, म्हणजे ज्याचा कोड कुणालाही उघडून बघता येतो अशाच सॉफ्टवेअरमध्ये, बनलं पाहिजे आणि नुसतं मॉडेल न देता ते कसं बनवलं त्याची सगळी कृती सोबत जाहीर झाली पाहिजे. ही सोयीची किंवा पैसे वाचवायची गोष्ट नाहीये, तो आकडा तपासता यायला हवा एवढी साधी गोष्ट आहे.

आता उंची "मोजली" असं आपण सहज म्हणतो, पण सॅटेलाइटच्या फोटोवरून उंची मोजत नाहीत, काढतात. एकच जागा दोन वेगवेगळ्या कोनांतून टिपलेली असते. टेरा नावाच्या उपग्रहावर ॲस्टर हा कॅमेरा आहे, त्याचा एक डोळा सरळ खाली बघतो आणि दुसरा मागे वळून, त्यामुळे तोच डोंगर साधारण एका मिनिटाच्या अंतरानं दोनदा टिपला जातो. आपल्या इस्रोच्या कार्टोसॅट-१ वर, जो मे २००५ मध्ये गेला, दोन कॅमेरे होते, एक २६ अंश पुढं झुकलेला आणि एक ५ अंश मागं. या दोन फोटोंत उंच जागा जास्त सरकलेली दिसते, सखल जागा कमी. सॉफ्टवेअर पहिल्या फोटोतला एक छोटा तुकडा उचलतं, दुसऱ्या फोटोत तसाच तुकडा कुठं सापडतो ते शोधतं, किती सरकला ते बघतं, आणि दोन्ही वेळेला कॅमेरा आकाशात नेमका कुठं होता ते माहीत असल्यामुळे दोन रेषा जमिनीच्या दिशेनं सोडून त्या कुठं भेटतात ते काढतं. त्या भेटीच्या जागेची उंची म्हणजे आपला आकडा. असं कोट्यवधी वेळा करायचं.

आणि यातल्या प्रत्येक पायरीवर कुणीतरी काहीतरी ठरवलेलं असतं, हे लोकांना सांगितलंच जात नाही. तुकडा केवढा घ्यायचा हे घ्या. नासाचं एम्स स्टिरिओ पाइपलाइन नावाचं, अशा फोटोंच्या जोडीवरून उंची काढणारं सॉफ्टवेअर आहे, त्यात तो सुरुवातीला २१ बाय २१ पिक्सेलचा धरलेला असतो, तुम्ही बदलू शकता. मोठा घेतला की सगळं गुळगुळीत होतं, दरीची तीक्ष्ण कडा गोल होते, अरुंद नाला भरून येतो आणि मॉडेलमध्ये दिसेनासाच होतो. छोटा घेतला की नाला राहतो पण सपाट शेत खडबडीत दिसायला लागतं कारण चुकीच्या जागी जुळणी होते. पाण्यावर जुळवायला काही नसतंच, लाट एका मिनिटात बदलते, म्हणून तलावाच्या पृष्ठभागावर खड्डे आणि सुळके येतात. गडद सावलीत काही दिसत नाही तिथं भोक पडतं. ते भोक आजूबाजूच्या उंचीवरून भरून टाकायचं की तसंच ठेवायचं? भरलं तर नकाशा देखणा दिसतो, पण तिथं मोजलेलं काहीच नाहीये, अंदाज आहे. हे सगळे निर्णय चूक नसतात, पण ते निर्णय आहेत, आणि बंद सॉफ्टवेअरमधून बाहेर आलेल्या फाइलमध्ये त्यांचा मागमूसही राहत नाही.

माझ्यापुरतं सांगते. पहिल्यांदा मी ॲस्टरचे फोटो फुकट उतरवून त्याच एम्स पाइपलाइनमध्ये एक किनाऱ्याचा भाग करून बघितला तेव्हा समुद्रकिनारा उणे साठ मीटरच्या आसपास आला. समुद्र समुद्रसपाटीच्या साठ मीटर खाली! दोन दिवस मी सगळं पहिल्यापासून परत केलं, वाटलं फोटोच खराब आहेत. शेवटी मॅन्युअल नीट वाचलं तेव्हा कळलं की हे सॉफ्टवेअर उंची एलिप्सॉइडपासून मोजतं, म्हणजे पृथ्वीच्या गणिती गुळगुळीत आकारापासून, आणि आपण ज्याला समुद्रसपाटी म्हणतो तो जिऑइड वेगळा, पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणाप्रमाणे वर-खाली होणारा. दोघांतला फरक काही भागांत शंभर मीटरपर्यंतसुद्धा जातो. त्याच पाइपलाइनमध्ये डीईएम-जिऑइड म्हणून एक छोटं टूल आहे, ते चालवलं आणि किनारा शून्यापाशी आला. म्हणजे चूक नव्हती, मोजायची सुरुवात कुठून केली ते वेगळं होतं. मला ते शोधता आलं कारण प्रत्येक पायरी समोर उघडी होती, कुठं काय वजा झालं ते वाचता येत होतं. आता विचार करा, नुसता "उंची" असा एक कॉलम असलेली फाइल कुणी दिली आणि ती दुसऱ्या मॉडेलशेजारी ठेवून धरणाच्या मागचं पाणी मोजलं तर काय होईल. साठ मीटरचा फरक निदान डोळ्यांत तरी भरतो. दोन मीटरचा भरत नाही.

आणि दोन मीटरनं काय होतं त्याचं मोठं उदाहरण आहेच. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर या स्पेस शटलनं अकरा दिवस रडारनं पृथ्वी मोजली, त्याला एसआरटीएम म्हणतात. रडार असल्यामुळे पद्धत वेगळी, पण गाडं तिथंच अडलं जिथं आजोबांच्या नकाशाचं अडलं, रडार झाडांच्या आणि छपरांच्या वरचं बघतं, खालच्या जमिनीचं पूर्ण नाही. जगभरात वर्षानुवर्षं समुद्र वाढल्यावर किती लोक पाण्याखाली जातील याचे हिशोब त्याच आकड्यांवर होत राहिले. २०१९ मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये एक अभ्यास आला, त्यात ती चूक दुरुस्त करायचा प्रयत्न केला तेव्हा धोक्यातल्या लोकांचा अंदाज तिप्पट झाला. समुद्र तोच होता, माणसं तीच होती, बदलली होती फक्त जमिनीची उंची. एसआरटीएमचा डेटा सगळ्यांना खुला होता, त्यात काय दोष आहेत ते शेकडो लोकांनी तपासून छापलं होतं, म्हणून ही दुरुस्ती करणं शक्य झालं. तेच आकडे कुणाच्या कपाटात बंद असते तर आपण आजही तो एक तृतीयांशचा आकडा धरून बसलो असतो.

लोक म्हणतात ओपन सोर्स म्हणजे हौशी लोकांचं, सरकारी कामाला पक्कं काहीतरी हवं. हे ऐकलं की मला खरंच वाईट वाटतं कारण या क्षेत्रात तर उलटंच चित्र आहे. एम्सची पाइपलाइन नासाची आहे, मंगळाच्या आणि चंद्राच्या फोटोंवरून तिथले डोंगर काढण्यासाठी ती वापरली गेलीये, आणि अपाचे लायसन्सखाली कुणालाही उतरवता येते. मिकमॅक हे असंच दुसरं सॉफ्टवेअर फ्रान्सच्या सरकारी नकाशा संस्थेनं, आयजीएननं बनवलेलं. कार्स हे फ्रान्सच्याच अवकाश संस्थेचं, सीएनईएसचं, आणि २०२५ च्या जुलैमध्ये त्यांचे सीओ-थ्रीडीचे चार उपग्रह वर गेले त्या मोहिमेसाठी ते तयार झालं. सेटएसएम ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीतून आलं, त्यावर सुपरकॉम्प्युटर लावून उत्तर ध्रुवाकडच्या सगळ्या जमिनीचं दोन मीटरचं, म्हणजे दर दोन मीटरला एक आकडा असलेलं, मॉडेल झालं, आर्क्टिकडीईएम, मग अंटार्क्टिकाचंही. या हौशी लोकांच्या गोष्टी आहेत का? सरकारांनीच पैसे घालून बनवलेलं आणि सगळ्यांसाठी उघडं ठेवलेलं हे काम आहे, मग दुसरी सरकारं ते सोडून बंद पेटी विकत का घेतात ते मला कळत नाही.

हे जमून आलं की काय होऊ शकतं ते हिमनद्यांच्या बाबतीत दिसलं. ॲस्टरचे फोटो एप्रिल २०१६ पासून सगळ्या जगाला फुकट झाले. काही संशोधकांनी तो वीस वर्षांचा साठा घेतला, मिकमॅकवर आधारलेल्या पद्धतीनं त्यातनं हजारो हजारो मॉडेलं काढली आणि जगातल्या जवळजवळ सगळ्या, दोन लाखांहून जास्त हिमनद्यांची जाडी वर्षागणिक किती कमी झाली ते मोजलं. २००० ते २०१९ या काळात दरवर्षी सरासरी २६७ अब्ज टन बर्फ गेला, असं उत्तर २०२१ मध्ये नेचरमध्ये आलं. फोटो खुले, सॉफ्टवेअर खुलं, त्यांनी लिहिलेला कोडही खुला. ज्याला शंका असेल त्यानं आपली हिमनदी निवडावी आणि परत मोजावी. एवढा मोठा आकडा आणि तो कुणाच्याही शब्दावर विश्वास न ठेवता तपासता येतो, यापेक्षा जास्त काय पाहिजे?

त्याच वर्षी ७ फेब्रुवारीला उत्तराखंडात चमोलीला जे झालं तेही आठवा. दोनशेहून जास्त माणसं गेली किंवा सापडली नाहीत. पहिले काही तास सगळीकडे हिमतलाव फुटला असंच चाललं होतं. मग आधीच्या आणि नंतरच्या सॅटेलाइट फोटोंवरून दोन मॉडेलं काढून एकातून दुसरं वजा केलं तेव्हा रोंटी शिखराच्या उतारावर जिथं डोंगर होता तिथं खड्डा दिसला, सुमारे २ कोटी ७० लाख घनमीटर खडक आणि बर्फ तिथनं सुटून खाली आला होता. तलाव फुटणं आणि कडा कोसळणं यात खालच्या माणसाला मरण सारखंच, पण पुढची तयारी दोन्हींची पूर्ण वेगळी असते, तलावावर लक्ष ठेवता येतं, पाणी काढता येतं, कड्याचं काय करणार. म्हणून नेमकं काय झालं हे लवकर आणि निर्विवाद कळणं ही चैन नाहीये.

आता समोरच्या बाजूनं जे बोललं जातं त्यात तथ्य नाही असं नाही. ओपन सोर्स टूल्स वापरायला अवघड आहेत, हे खरंय. काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करायच्या, बंडल ॲडजस्ट करा (म्हणजे कॅमेऱ्यांच्या जागा एकमेकींशी जुळवून घ्या), मग स्टिरिओ चालवा, मग पॉइंट क्लाउडवरून, म्हणजे सुट्या बिंदूंच्या ढिगावरून, ग्रिड बनवा, लेझरच्या उंचीशी जुळवा, मध्येच मेमरी संपली म्हणून रात्रभर चाललेलं काम सकाळी पडलेलं असतं. विकतच्या सॉफ्टवेअरमध्ये चार बटणं दाबली की होतं आणि अडलं तर फोन करायला माणूस असतो. ऑफिसमधल्या ज्या माणसाला मार्चच्या आत नकाशा द्यायचाय त्यानं ती चार बटणं निवडली तर त्याला दोष देणार नाही मी. पण मग यावर उपाय त्या माणसाला ट्रेनिंग देणं आणि मदतीला माणूस ठेवणं हा आहे. दरवर्षी लायसन्सला जो पैसा जातो त्याच पैशात माणसं शिकतात, आणि शिकलेला माणूस पुढच्या वर्षीही कामाला येतो, लायसन्स संपतं.

दुसरा मुद्दा जास्त जड आहे आणि तिथंच खरं घोडं पेंड खातं: सॉफ्टवेअर उघडं असून उपयोग काय, फोटो तर बंद आहेत. अर्ध्या मीटरच्या पिक्सेलचे स्टिरिओ, म्हणजे दोन कोनांतले, फोटो प्रायव्हेट कंपन्यांचे असतात, महाग असतात आणि लायसन्समध्ये लिहिलेलं असतं की पुढं कुणाला द्यायचे नाहीत. ॲस्टर फुकट आहे पण त्याचा एक पिक्सेल पंधरा मीटरचा, त्यात गावातला नाला दिसत नाही. हे मान्य. मात्र आर्क्टिकडीईएम बघा, त्याचे मूळ फोटो व्यापारी उपग्रहांचे, ते आजही तुम्हा-आम्हाला मिळत नाहीत, पण मॉडेल पूर्ण खुलं आहे, सॉफ्टवेअर खुलं आहे आणि प्रत्येक पट्टी कुठल्या तारखेच्या कुठल्या फोटोंच्या जोडीवरून बनली ते सोबत दिलेलं आहे. म्हणजे फोटो बंद असले तरी बाकीचं सगळं उघडं ठेवता येतं, त्यासाठी खरेदी करतानाच करारात तसं लिहून घ्यावं लागतं. सरकार फोटो विकत घेतं तेव्हा तेवढं लिहून घ्यायची ताकद सरकारकडे नक्की असते. लिहून घेत नाहीत कारण कुणी मागत नाही.

सुरक्षेचं कारण पण नेहमी पुढं येतं, उंचीचा डेटा शत्रूच्या हाती जाईल वगैरे. एसआरटीएमचं असंच होतं, अमेरिकेबाहेरच्या जगासाठी बरीच वर्षं ९० मीटरचाच डेटा दिला जायचा, ३० मीटरचा २०१४ पासून द्यायला लागले. आज युरोपचा कोपर्निकस हा पृथ्वीवर नजर ठेवणारा उपग्रह कार्यक्रम जगाचं ३० मीटरचं मॉडेल फुकट देतोय. सीमेवरचा किंवा लष्करी तळाचा भाग झाकायचाय तर झाका, त्यावर माझं काही म्हणणं नाही, पण नदीकाठच्या वस्तीची पूररेषा कशी काढली ते लपवण्यात कुठली सुरक्षा आहे? तिथं लपवल्यानं धोक्यात येतात ती त्या वस्तीतलीच माणसं.

एकानं मला विचारलं, कोड उघडा असला तरी वाचतो कोण? खरंय, मीही सगळा वाचलेला नाही, सी प्लस प्लसमधल्या लाखभर ओळी कोण वाचणार. पण सगळ्यांनी वाचायची गरजच नसते. आजोबांनी बोट ठेवलं तेव्हा एका मुलीला, एका शिक्षकाला, एका पत्रकाराला, कुणालाही तेवढीच एक जागा त्याच फोटोंवर त्याच सेटिंगनं परत काढून बघता आली पाहिजे, झाडं काढणारा फिल्टर चालवला होता की नाही एवढी एक ओळ बघता आली पाहिजे. शंभरातल्या एकानं बघितलं तरी पुरतं, आणि कुणीतरी बघेल हे माहीत असलं की करणारा माणूसही नीट करतो.

एका गोष्टीची मात्र मला सगळ्यात जास्त काळजी आहे. ही सॉफ्टवेअरं थोड्या माणसांच्या खांद्यावर उभी आहेत. एखाद्या टूलमागे खरं काम करणारी टीम बोटांवर मोजण्याइतकी असते, त्यांचा पगार कुठल्यातरी प्रकल्पाच्या निधीतून येतो आणि निधी संपला की संपलं. नवा उपग्रह गेला की त्याचा कॅमेरा समजावून घेऊन कोडमध्ये घालायला महिने लागतात, ते कोण करणार? आपण सगळे फुकट वापरतो आणि बग सापडला की तक्रार करतो. ज्या सरकारी खात्यांचं काम या टूल्सवर चालतं किंवा चालायला हवं त्यांनी एक-दोन प्रोग्रामर पगारावर ठेवून त्यांना मूळ प्रकल्पात काम करायला सांगितलं पाहिजे, आपल्या उपग्रहांच्या फोटोंसाठी तर नक्कीच. कार्टोसॅटच्या मालिकेतल्या कॅमेऱ्यांची बारीक माहिती आपल्याकडच्या लोकांइतकी कुणाला असणार? ती नीट लिहून या टूल्समध्ये गेली तर कार्टोसॅटचा जुना साठा जगातला कुठलाही विद्यार्थी वापरू शकेल, आणि त्यातल्या चुका आपल्यालाच फुकटात कळतील.

तर त्या मीटिंगनंतर आम्ही काही जणांनी मिळून परत एक पत्र दिलंय. पुढचं टेंडर निघेल तेव्हा त्यात काय असावं ते त्यात लिहिलंय: मॉडेल कुठल्या तारखांच्या कुठल्या फोटोंवरून काढलं, कुठलं सॉफ्टवेअर आणि त्याचं कुठलं व्हर्जन, चालवलेल्या सगळ्या कमांडची फाइल जशीच्या तशी, उंची एलिप्सॉइडपासून की जिऑइडपासून आणि कुठला जिऑइड, झाडं आणि घरं काढलीत का आणि कशी, आणि जिथं भोकं भरलीत त्या प्रत्येक जागेचा वेगळा नकाशा. शिवाय जमिनीवर जाऊन मोजलेले काही बिंदू, जे मॉडेल बनवताना वापरले नाहीत असे, म्हणजे खरी चूक किती ते कळेल. त्या बिंदूंमध्ये झाडांच्या रांगेखालची ती जागा घ्या असंही लिहिलंय, आजोबा दाखवायला यायला तयार आहेत. पत्राची पोच मिळालीये, टेंडर अजून निघालेलं नाही.